अकेशियाचं जळण: ओलं द्यावं की वाळवून, आणि दर कसा बसवावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या बाजूला दीड एकर माळावर बारा-तेरा वर्षांची अकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, उभी आहे. व्यापारी ती ओल्या वजनावर टनाने मागतोय. तुम्हाला वाटतं की आपणच तोडून, फोडून, वाळवून बेळगावच्या हॉटेलांना आणि बंबवाल्या (जळणावर पाणी तापवणाऱ्या) घरांना दिली तर दोन पैसे जास्त सुटतील. पण मागच्या पावसाळ्यात थोडा माल दिला, तेव्हा ‘धूर फार होतो’ म्हणून गिऱ्हाइकाने निम्मा परत पाठवला. त्यात मुलाने वाचलं की युरोपात बीचचं लाकूड दोन वर्षं वाळवतात. मग आपणही दोन वर्षं थांबायचं का, आणि विकायचं टनावर की ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांच्या मापावर?

वरवर हा दराचा प्रश्न दिसतो, पण सगळी गोम पाण्यात आहे. नुकत्याच तोडलेल्या अकेशियाच्या वजनात साधारण ४५ टक्के पाणी असतं. १० टन ओला माल काट्यावर चढवला तर त्यात साडेचार टन पाणी आणि साडेपाच टन लाकूड. नीट वाळून पाणी २० टक्क्यांवर आलं की तोच माल ६.९ टन भरतो. तीन टनांहून जास्त वजन हवेत जातं, आणि टनावर विकणाऱ्याच्या पोटात तिथेच गोळा येतो.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. ओलं लाकूड चुलीत घातलं की त्याच्या उष्णतेचा मोठा वाटा आधी स्वतःचं पाणी उकळून वाफ करण्यात जातो. ४५ टक्के पाणी असलेल्या एका किलोतून सुमारे २,१५० किलोकॅलरी मिळतात, २० टक्के पाणी असलेल्या किलोतून सुमारे ३,४००. हिशोब करा: १० टन ओल्या मालात सव्वादोन कोटीला थोड्या कमी किलोकॅलरी आहेत, आणि वाळून ६.९ टन झालेल्या त्याच मालात चांगल्या पंधरा-वीस लाखांनी जास्त. वजन घटलं, जाळ वाढला. म्हणजे वाळवलेल्या मालाला किलोमागे जास्त दर मागणं ही चलाखी नव्हे. फक्त तो दर किती, हे कागदावर काढता आलं पाहिजे आणि माल खरोखर वाळलेला पाहिजे. मागच्या पावसात यातली दुसरी गोष्ट चुकलेली दिसते.

बीचचा विषय आधी संपवू. ते युरोपातलं थंड, दमट हवेतलं झाड. तिथल्या हिवाळ्यात उघड्यावरचं लाकूड जवळजवळ वाळतच नाही, वाळवणीचे दिवस मोजके, म्हणून एक उन्हाळा पुरत नाही आणि लोक दुसरा धरतात. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी असते की फोडून रचलेलं लाकूड एका उन्हाळ्यात तयार होतं. दोन वर्षांचा आकडा आपल्या कामाचा नाही. उलट दुसरा पावसाळा अंगावर घेतला तर वाळवी आणि भुंगा तुमचा नफा खातील. बीचवाल्यांकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे. बीचचा ओंडका सालीसकट तसाच पडू दिला तर आतून लवकर कुजतो, म्हणून ते लोक तोडल्या हंगामातच फोडून टाकतात. ही शिस्त अकेशियाला लागू आहे आणि सुबाभळीला तर दुप्पट.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या मी इथून सांगू शकत नाही. कणकुंबी-जांबोटीचा घाटमाथ्यावरचा धो-धो पाऊस आणि अथणीचा तुटपुंजा पाऊस यांची तुलनाच नको. जिल्हा एक असला तरी वाळवणीच्या दृष्टीने हे दोन वेगळे मुलूख आहेत. अथणीकडे माल जानेवारीत फोडा नाहीतर मार्चमध्ये, फार बिघडत नाही. तुमच्याकडे उशिरा फोडलेला माल मृगाच्या पावसात सापडला की गेला. त्याशिवाय छप्पर किती आहे, घरचे हात किती, आणि पैसा सहा महिने अडकवून चालेल का, यावर निर्णय फिरतो.

तोडीआधी कागद. कर्नाटकात खासगी जमिनीवरचं झाड तोडायलाही १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सुरू, निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही जातींना सूट आहे आणि त्या यादीत वेळोवेळी भर पडते. अकेशियाबद्दल कुणाच्या तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नका. जमिनीचा उतारा आणि झाडांची संख्या जोडून खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. तोडायला सूट म्हणजे वाहतुकीला सूट, असा अर्थ लावू नका. वाहतुकीच्या पासाचं त्याच अर्जात विचारून घ्या. माल चोर्ल्यावरून गोव्याच्या बेकऱ्यांकडे किंवा शिनोळीवरून चंदगडकडे जाणार असेल तर नाक्यावर कागद बघितला जातोच. आणि एक कडक पथ्य: तुमच्या गाडीत किंजळ, ऐन, जांभा असलं रानातलं एकही लाकूड येऊ देऊ नका. बाजूला भीमगड अभयारण्य आहे, तपासणी कडक असते, आणि कर्नाटक वन कायद्याखाली गाडीसुद्धा जप्त होऊ शकते. मजूर वाटेत दिसलेला वाळका ओंडका सहज ट्रॉलीत टाकतात, म्हणून गाडी भरताना मालकाने उभं राहावं. सागवान, शिसव, चंदन बांधावर असतील तर त्यांना तोडीच्या दिवशी चुन्याची खूण करा आणि तोडीतून वगळा.

तोड दिवाळीनंतर सुरू करा आणि जानेवारी संपायच्या आत आटपा. झाडातलं पाणी तेव्हा फार कमी असतं म्हणून नव्हे, पुढचे चार कोरडे महिने पूर्ण मिळावेत म्हणून. अमावस्येला तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही असं जुनी माणसं सांगतात. पाळायचं असेल तर पाळा, त्यात तोटा नाही. पण अमावस्येला तोडलेला ओंडका सालीसकट दोन महिने पडला तर त्याला भुंगा लागेल आणि पौर्णिमेला तोडून त्याच आठवड्यात फोडलेल्याला बहुधा लागणार नाही. भुंग्याला सालीखालचा ओलावा आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च हवा असतो.

तोडीच्या तंत्रावर फार लिहीत नाही. ज्याला चेनसॉ येत नाही त्याने दीड एकर झाडांवर ती शिकू नये, येणारा माणूस रोजावर लावावा. दोन-तीन गोष्टी मात्र बघून घ्या. अकेशिया बरेचदा बुडाशीच दुबेळकी असते आणि एका अंगाला झुकलेली असते. अशा झाडाचा प्रत्येक फाटा वेगळा पाडायचा. ज्या बाजूला पाडायचं तिकडे खोडाच्या पाव भागाइतकी खाच घ्यायची, मागचा काप खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं वर, आणि मध्ये खोडाच्या दहाव्या हिश्शाइतकी पट्टी न कापता सोडायची. झाड त्या पट्टीवर वळून पडतं. ती पट्टी आरपार कापली की झाड कुठेही जातं. विजेची तार झाडाच्या उंचीच्या टप्प्यात असेल तर हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनमनला सांगून लाइन बंद करून घ्या. आणि ही जात बुंध्यापासून नीट फुटत नाही. निलगिरी, सुबाभूळ तोडली की फुटवे येतात, अकेशियाच्या फुटव्यांवर भरवसा ठेवून पुढची पाच वर्षं आखू नका.

तोडलेल्या झाडाचं सगळं जळण करायचं नसतं. बुंध्याकडचा सरळ, बिनगाठीचा भाग, ज्याचा घेर अडीच फुटांच्या वर आहे, तो वेगळा काढून सॉ मिलवाल्याला दाखवा. अकेशियाचा गाभा फर्निचरला चांगला चालतो, आणि तिथला दर जळणाच्या दरापेक्षा वर असतो. दीड एकरात असे शे-दीडशे तुकडे निघाले तरी तोडीची मजुरी त्यातून भागू शकते. व्यापारी उभं झाड टनाने मागतो, तेव्हा त्याचा डोळा याच भागावर असतो.

आता वाळवणी. लाकडातलं पाणी आडवं, सालीतून फार हळू बाहेर पडतं. कापलेल्या तोंडातून ते आडव्यापेक्षा कितीतरी पट वेगाने जातं. म्हणून लांबी आधी ठरवायची आणि ओलं असतानाच त्या मापाने तोडायचं. बंबाला वीतभर तुकडे आणि मनगटापेक्षा बारीक फाळ्या लागतात, मधली नळीच तेवढी असते. घरच्या चुलीला फूट-सव्वा फूट, हॉटेलच्या भट्टीला दोन फूट, लग्नकार्याच्या आचाऱ्याला अडीच-तीन फूट. बेकरीवाले जाड आणि लांब घेतात, कारण त्यांना भट्टीची वीट तापवायची असते, ज्वाला नको असते. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर दोन फुटाचं माप करा. त्याचे पुढे दोन करता येतात, जोडता काही येत नाही.

फोडणं तोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. ओली अकेशिया सरळ धाग्याची असेल तर कुऱ्हाडीच्या दोन घावांत उघडते. तीच मार्चमध्ये घण आणि पाचर मागते. निलगिरी आणि सुरू याहून वाईट, सुरू वाळली की लोखंड. फाळीची जाडी हॉटेलसाठी तीन ते चार इंच ठेवा. तीन इंचाच्या आतल्या गोल फांद्या फोडायची गरज नाही, पण त्यांची एका बाजूची साल कोयत्याने लांबवर सोलून काढा. हे एक काम सगळे टाळतात, आणि मग पावसाळ्यात याच गोल फांद्या फेसाळतात. गाठीचे, आडमुठे तुकडे फोडत बसू नका. मजुरी खातात. ते बेकरीसाठी वेगळे टाका.

रचताना खाली जांभ्याचे चिरे लावून त्यावर आडवे दांडके टाका, जमिनीपासून वीतभर तरी वर. थेट जमिनीवर रचलेल्या थप्पीचा खालचा हातभर थर वाळवीचा समजा. थप्पी एकाच फाळीच्या लांबीएवढी रुंद, चार फूट उंच, दोन्ही टोकांना आडवी-उभी रचून खांब केलेले. आणि दोन थप्प्यांमध्ये माणूस चालेल एवढी वाट. मोठा चौकोनी ढीग जागा वाचवतो, पण त्याचं पोट वाळत नाही. उघडा माळ असेल तर उत्तम. उन्हापेक्षा वारा जास्त काम करतो, त्यामुळे घराच्या मागे आडोशाला रचू नका.

एप्रिल-मे मध्ये वळीव येतो. त्यासाठी थप्पीच्या फक्त डोक्यावर पत्रे टाका आणि दगड ठेवा, बाजू उघड्या. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळली की ओलावा आतच कोंडतो, दुपारी घाम धरतो आणि लाकडावर पांढरी बुरशी येते. वळवाची एखादी सर अंगावर आली तरी घाबरू नका. फोडलेल्या लाकडाचा वरचा पापुद्रा भिजतो आणि दोन-तीन दिवसांत सुकतो. पाऊस दिवसामागून दिवस लागला की मग प्रश्न. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सगळा माल छपराखाली गेलाच पाहिजे, तिथेही बाजू मोकळ्या ठेवून. कोकणाकडून येणारा पाऊस तिरका असतो, पश्चिमेची तेवढी एक बाजू पत्र्याने बंद करा. थप्पी हलवताना हातमोजे घाला आणि आधी काठीने ठोका. विंचू नेहमीचा, आणि खालच्या चिऱ्यांत घोणस बसलेली असू शकते.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो: ‘पावसाळ्यात वाळलेलं जळणही सर्दावतं, मग उन्हाळ्यात एवढं कशाला वाळवायचं?’ पावसाळी हवेत छपराखालचं वाळलेलं लाकूड ओलावा परत ओढतं हे खरं, पण ते १५-१७ टक्क्यांच्या आसपास थांबतं. त्यात जाळ चांगलाच होतो. मात्र मे अखेर जे लाकूड ३० टक्क्यांवर आहे ते जुलै-ऑगस्टमध्ये पुढे वाळत नाही, आहे तिथेच रेंगाळतं आणि बुरशी धरतं. म्हणजे पावसाळ्यात विकायच्या मालाचा निकाल ३१ मे रोजी लागलेला असतो. तुमचा परत आलेला माल तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडून ओंडक्यांत ठेवला असेल आणि विकताना फोडून दिला असेल, असं लक्षणांवरून वाटतं. आठ-दहा इंची ओंडका एका उन्हाळ्यात बाहेरून तडकतो, टोकं करडी पडतात, हाताला कोरडा लागतो. मधून फोडला की आत ओलाच. गिऱ्हाईक खोटं बोललं नाही.

वाळलं की नाही ते नजरेने सांगता येतं, पण पूर्ण नाही. टोकाच्या चिरा, सुटलेली साल, दोन फाळ्या एकमेकींवर आपटल्यावर येणारा टणक आवाज, या सगळ्या खुणा खऱ्या असल्या तरी वरच्या थराबद्दल बोलतात. दोन सुयांचा ओलावा मापायचा मीटर हजार-दीड हजारांच्या घरात मिळतो, तो घ्याच. वापरायची रीत महत्त्वाची: थप्पीच्या मधल्या थरातली फाळी काढा, ती तिथल्या तिथे उभी फोडा आणि सुया आतल्या ताज्या अंगावर, धाग्याच्या दिशेने दाबा. बाहेरून किंवा टोकाला लावलात तर मीटर हवं तेच सांगेल. पाच-सहा फाळ्यांची सरासरी धरा. ३० च्या वरचा आकडा हे मीटर अंदाजाने दाखवतात, तेव्हा ३५ आणि ४५ यांतल्या फरकावर वाद घालू नका, दोन्ही ओलेच.

मीटरचा आकडा आणि मी वर वापरलेले टक्के यांत एक फरक आहे, तो समजून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाशी हिशोब चुकेल. मीटर पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या तुलनेत सांगतो. म्हणजे मीटरवर २५ आलं की १०० किलो कोरड्या लाकडामागे २५ किलो पाणी. एकूण १२५ किलोत २५, म्हणजे वजनाचा पाचवा हिस्सा. मीटरवरचे २५ म्हणजे वजनातले २० टक्के. विक्रीसाठी मीटरवर २५ ही माझी शेवटची मर्यादा, हॉटेलला २० च्या आत, बंबाला १८ च्या आसपास. बंबाच्या नळीत ओलं लाकूड घातलं की काळा चिकट कीट बसतो आणि पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो. घरातली बाई दुसऱ्यांदा तुमच्याकडून जळण घेत नाही.

मीटर नको असेल तर जुनी पद्धत आहे. थप्पी रचतानाच सहा फाळ्यांवर खडूने नंबर घाला, किलोच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा आणि थप्पीच्या मधोमध ठेवा. दर पंधरा दिवसांनी तोला. पहिल्या महिन्यात वजन झपाट्याने उतरतं, मग हळू. लागोपाठ दोन वेळा वजन जवळपास सारखं आलं की त्या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. ४५ टक्के ओल्यापासून सुरुवात असेल तर १० किलोची फाळी ६.९ किलोवर आली की २० टक्के.

आता दर. आकडे मी समजुतीसाठी धरतोय, तुमच्या बाजारातले घालून पुन्हा मांडा. समजा व्यापारी ओल्याला टनामागे ३,००० रुपये देतो. १० टनांचे ३०,००० तुम्हाला आज हातात. वाळवायचं ठरवलं तर मापाने तोडून फोडायला टनामागे ६०० प्रमाणे ६,०००. रचणं, हलवणं, पत्र्याची झीज १,५००. ३०,००० सहा महिने अडकले त्याचं महिना एक टक्क्याने व्याज १,८००. एकूण ३९,३००. माल उरतो ६.९ टन, त्यातली साल, भुगा, वाळवीची घट पाच टक्के धरली की विकाऊ साडेसहा टन. भागाकार केला की टनामागे ६,००० च्या जवळ, म्हणजे किलोला ६ रुपये, आणि ही बरोबरीची रेघ. यात तुमचा नफाही नाही आणि घरपोच गाडीभाडंही नाही. ओल्याच्या दुप्पट दर मिळाला तर तुम्ही फक्त व्यापाऱ्याच्या बरोबरीला आलात. दीडपट दरात ‘वाळवून विकतो’ म्हणणारे पुष्कळ असतात; एकतर त्यांचा माल वाळलेला नसतो किंवा घरच्या कष्टाची मजुरी ते धरत नाहीत.

मग दुप्पट आणि वर दर कोण देईल? वीटभट्टीवाला आणि कौलभट्टीवाला देणार नाही. त्यांना टन लागतात, जाडाभरडा, अर्धा ओला मालही चालतो, आणि दर खालचा. त्यांना फांद्या आणि गाठी द्या. लग्नाच्या आचाऱ्याला सुका माल हवा असतो, पण त्याची घाई हंगामापुरती. खरं गिऱ्हाईक म्हणजे रोज भट्टी पेटवणारं हॉटेल, खवा-कुंदा आटवणारा मिठाईवाला, आणि पावसाळ्यातली बंबाची घरं. हॉटेलवाल्याशी बोलताना गॅसचा हिशोब तोंडपाठ ठेवा. १९ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे दोन लाख किलोकॅलरी असतात. गॅसच्या शेगडीत त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास भाग भांड्याला लागतो, लाकडाच्या भट्टीत वीस-पंचवीसच टक्के. या हिशोबाने एका सिलिंडरचं काम करायला १५० ते १८० किलो सुकं जळण लागतं. त्या दिवशीचा व्यावसायिक सिलिंडरचा दर १६५ ने, म्हणजे यातल्या मधल्या आकड्याने भागा. येईल तो तुमच्या किलोच्या दराचा माथा. त्याच्या वर कुणी घेणार नाही, आणि बरंच खाली राहायला हवं, कारण लाकडाला जागा, राख आणि जाळ घालणारा माणूस लागतो. सिलिंडरमागे किती जळण हा हिशोब ओल्या मालासाठी केला तर अडीचशे किलोच्या वर जातो. तो कागद गिऱ्हाइकासमोर ठेवा, ‘माझं महाग का’ हे वेगळं सांगावं लागत नाही. जळाऊ लाकडावर जीएसटी शून्य आहे, तेव्हा त्या नावाखाली कुणी दर कापत असेल तर ऐकू नका.

टन की ब्रास? ओला माल विकत असाल तर वजनावर आणि तोडीच्या आठवड्यातच विका. रोज पाणी उडतंय, थांबाल तितकं वजन तुमचं जातं. सुका माल मोठ्या गिऱ्हाइकाला वजनावरच, पण मीटरचा आकडा पावतीवर लिहून. मापावर विकायचं तर फक्त रचलेलं माप धरा. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास नीट रचलेली सुकी अकेशिया साधारण ११०० किलो भरते. फाळ्या वाकड्या असतील तर हजारच्या खालीही येते. ट्रॉलीत नुसती ओतलेली तेवढीच जागा सातशे-आठशे किलोच देते. विकणारा ओतून मोजतो आणि घेणारा रचून, भांडण तिथे होतं. सौदा करताना ‘रचून’ हा शब्द बोलून घ्या. घरगुती गिऱ्हाइकाला ना टन कळतो ना ब्रास; त्यांच्यासाठी बंबाच्या मापाचे तुकडे वीस किलोच्या पोत्यात भरून पोत्यावर दर सांगा. फोडताना निघालेल्या ढलप्या आणि सोललेली साल वेगळ्या पोत्यात पेटवणीसाठी जाते, फेकू नका.

धुराची तक्रार पुन्हा आली तर वाद घालण्याआधी जाऊन भट्टी बघा. फाळीच्या टोकातून पाणी फेसाळत असेल तर माल ओला, बदलून द्या. टोक कोरडं आहे आणि तरी धूर आहे, तर बहुतेक वेळा भट्टीचं तोंड लाकडांनी ठासून भरलेलं असतं, खालची राख काढलेली नसते किंवा धुराडं काजळीने भरलेलं असतं. आणि एक धोका: जळणात बिब्ब्याचं लाकूड चुकून आलं तर त्याच्या धुराने डोळे, चेहरा सुजतात, अंगावर फोड येतात. रानाकडेच्या बांधावर बिब्बा असतोच, तेव्हा तोडणाऱ्याला ते झाड आधी दाखवून ठेवा. कण्हेरही जळणात नको.

तुमच्या बाबतीत मी पहिल्या वर्षी सगळा दीड एकर वाळवायला घेणार नाही. परत आलेल्या मालावरून दिसतं की छप्पर आणि फोडणारे हात दोन्ही अपुरे आहेत. बुंध्याचा सरळ माल सॉ मिलला, निम्मी ते दोन तृतीयांश अकेशिया व्यापाऱ्याला ओल्या वजनावर, काट्याची पावती घेऊन; आणि छपराखाली खरोखर मावेल तेवढीच, समजा आठ-दहा टन ओली, स्वतः फोडून वाळवा. छपराचा अंदाज असा धरा: दर ब्रासला चार फूट उंचीची, दोन फूट फाळीची, साडेबारा फूट लांब थप्पी लागते, आणि १० टन ओल्याचे वाळून सुमारे सहा ब्रास होतात. दोन थप्प्यांमधली वाट यात धरलेली नाही. मे अखेर मीटर लावून बघा. २५ च्या आत आलेला माल पावसाळ्यासाठी ठेवा आणि न आलेला जूनआधीच वीटभट्टीला देऊन टाका, ऑगस्टपर्यंत सांभाळू नका.